शर्यत आपल्या मळ्यावरून जाते

चांदोरी
३ डिसेंबर २०२४

चि. वेदिका,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे धडधाकट आहेत. आबांचा गुडघा कुरकुरतो आणि त्यांच्याबरोबर तेही कुरकुरतात, एवढंच.

पत्र अशासाठी की फोनवर मला जमत नाही. तुझा आवाज ऐकला की माझा आवाज बदलतो आणि मग शेजारी बसलेल्याला कळतं कोणाचा फोन आहे ते. कागदाचं बरं असतं. शेजारच्या मळ्यातली पायल तुझ्याच कंपनीत लागलीय हे मला आत्ता कळलं. ती रोज सातपूरला जाते-येते, तिच्या हाती हे देते आहे. तिला दम दिलाय, आबांच्या कानावर गेलं तर तिच्या लग्नात आमच्या मळ्यातलं एक फूल मिळणार नाही.

आता मुद्द्याचं. परवा नाशिकला शेवंती देऊन एसटीनं परत येत होते. माडसांगवीच्या पुढं रस्त्याच्या कडेनं एक बाई पळताना दिसली. आधी वाटलं बिचारीची बस चुकली. मग म्हटलं, बस तर ही काय चाललीय, हात का करत नाही? जवळून गेलो तर तूच. केस कापलेस. गालाची हाडं दिसायला लागलीत. मी खिडकीतून हात हलवला, पण तुझं लक्ष आपलं समोर. कंडक्टर म्हणाला, मावशी, या बाई नेहमी पळतात इकडं. मी विचारलं कशासाठी, तर म्हणे ते मला काय ठाऊक, मी तिकिटं फाडतो.

तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा लागलाय. कुठं पळतेस? कोणी सांगितलं? डॉक्टरनं सांगितलं असेल तर तसं कळव, म्हणजे मी काळजीच्या तयारीला लागते. आणि पळायचंच तर सातपूरला रस्ते नाहीत का? सबंध नाशिक ओलांडून तू या अंगाला येतेस. याच रस्त्यानं आणखी पुढं आलं की आपला मळा लागतो, हे तू विसरली नसशील.

माझ्या ललितचं आणि तुझं पटलं नाही, सह्या झाल्या, संपलं. तो पुण्यात बरा आहे. त्याचा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण माझं तुझ्याशी भांडण झालंच नव्हतं, मग मी कशाला अबोला धरू?

आबांचं वेगळं आहे. तुम्ही वेगळे झालात याचा त्यांना राग नाही, तू हे मनातून काढून टाक. त्यांचं दुखणं एवढंच की ते फुलं घेऊन बाजारात गेले असताना तू बॅग उचललीस आणि गेलीस. त्यांना सांगितलं नाहीस. सकाळचा चहा तुझ्या हातचा, पेपर तू वाचून दाखवायचीस, आणि जाताना शब्द नाही. 'माणूस म्हैस विकताना पण तिच्या कपाळावरून हात फिरवतो,' असं एकदाच म्हणाले. त्यानंतर तुझं नाव घेतलेलं नाही. मी घेतलं तर उठून विहिरीवरची मोटार बघायला जातात, मग ती चालू असो की बंद.

मला तू पुन्हा एकदा या घरात आलेली पाहायची आहेस. कोण म्हणून यायचं ते नंतर ठरवू. आधी पळण्याचं तेवढं सांग.

तुझी
सिंधुबाई

चांदोरी
१७ डिसेंबर

चि. वेदिका,

उत्तर पोचलं. चार ओळी लिहिल्यास आणि वर 'सिंधुकाकू' घातलंस. काकू तर काकू. तुझा हात 'आई' लिहायला अडला असेल, समजतं मला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

तर शर्यत आहे म्हणतेस. लासलगाव ते नाशिक. जानेवारीतल्या रविवारी तांबडं फुटायला लासलगावच्या कांदा मार्केटच्या फाटकातून सुटायचं, विंचूर, निफाड करत चांदोरीवरून नाशिकच्या मैदानात दुपारी अमुक वाजायच्या आत पोचायचं. उशीर झाला तर पळालेलं सगळं पाण्यात. आणि तू वर्षभर त्याचीच तयारी करते आहेस.

अगं, लासलगावहून नाशिकला कांदा येतो, तोसुद्धा ट्रकात बसून. माणसं पळत कशाला येतात? पायल म्हणाली, वेळेत पोचणाऱ्या प्रत्येकाला गळ्यात घालायचा बिल्ला मिळतो. पहिल्याला तोच, शेवटच्याला तोच. मग पहिलं यायची घाई कोणाला? मी तिला असं विचारत राहिले तर ती म्हणाली, मावशी, मी कामावर जाऊ का? म्हणून तुलाच विचारते. इतका वेळ मनात काय चालू असतं? हिशेब करतेस, गाणी म्हणतेस, का कोणाशी भांडतेस? भूक लागली तर? आणि मधेच लघवीला लागली तर? हसू नकोस. बाईच्या जातीला हे आधी विचारावं लागतं.

तुझ्या पत्रात एक वाक्य होतं, 'पहिल्यांदा त्रास होतो, मग त्रास आपल्या बरोबरीनं पळायला लागतो.' ते मला समजेना. न समजलेलं मला पचत नाही, तुला माहीत आहे. म्हणून काल साडी खोचली आणि झेंडूच्या दोन वाफ्यांमधून पळत सुटले. विहिरीपर्यंत गेले. छातीचा भाता झाला, पायात गोळे आले, चप्पल मधेच कुठंतरी राहिली. तुझा तो त्रास काही बरोबरीनं पळाला नाही, तो माझ्या उरावरच बसला. पण विहिरीपाशी टेकले आणि मला हसू फुटलं. कारण काही नाही. एकटीच हसत बसले. ते कसलं हसू असतं ग? तुला पण येतं का?

आबांनी लांबून पाहिलं. काठी घेऊन धावत आले आणि विचारलं, साप होता का? मी म्हटलं हो, होता. आता काय सांगणार? आज सकाळपासून ते झेंडूत काठी आपटत फिरताहेत आणि गडी माणसं तोडणीला आत शिरायला तयार नाहीत. तुझ्यापायी माझा माल खोळंबला.

वेदिका, रस्ता मळ्याच्या फाटकावरूनच जातो. त्या दिवशी थांबशील का?

सिंधुबाई

चांदोरी
७ जानेवारी २०२५

चि. वेदिका,

मोठीच गंमत झाली. गंमत म्हणू की पंचाईत, तूच ठरव.

शर्यतवाले आले होते. एक बाई आणि एक बाप्या, दोघंही चांगले बोलणारे. आपल्या फाटकापाशी चिंच आहे तिच्या सावलीत पळणाऱ्यांसाठी पाण्याचं टेबल मांडू का, म्हणून विचारायला. आबा बाजेवर बसले होते. मला वाटलं हाकलून देतील. तर यांनी त्यांना चहा पाजला आणि उलटतपासणीच सुरू केली. एवढाली माणसं पळतात, मग मागं कोण लागलंय त्यांच्या? कोणी नाही आजोबा. मग थांबत का नाय? थांबायचं नसतं. अन् मधी कोणी पडलं तर? गाडी आहे. मग आधीच गाडीत का बसत नाय? ती बाई हसून हसून बेजार. आबा मात्र हसत नव्हते, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना मधेच घास थांबवून म्हणतात, घामानं मीठ जातं त्यांचं, नुसत्या पाण्यानं भागायचं नाय. त्यांनी गूळ-शेंगदाणे द्यायचं ठरवलंय. रस्त्यानं कोणी पळताना दिसलं की फाटकात जाऊन उभे राहतात, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बघत बसतात. तू यात आहेस हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

पण पायल म्हणजे फुटकं मडकं. आबांनी तिला सहज विचारलं, तुमच्या कंपनीतलं कोणी पळतंय का यंदा? 'नाही' म्हणायला एवढं तोंड पाडायची काय गरज होती? आबांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मोटार बघायला गेले. लाईट नव्हती ग तेव्हा.

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं आता टेबलही जातं आणि गूळही जातो. तिसऱ्या दिवशी गोठ्यातून येता येता एवढंच म्हणाले, "टेबल राहू दे तिथंच. रस्ता सरकारचा हाय."

याचा अर्थ काय लावायचा? त्यांच्याबरोबर जन्म काढला, मला लागत नाही. तुला लागतोय का बघ.

तुझं दुसरं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तू लिहिलंस, 'थांबले तर पाय आखडतात, ते सोसेन. पण आबांनी तोंड फिरवलं तर मला तिथून पुढं पाऊल टाकता येणार नाही. वर्षभराची मेहनत आहे, काकू.' खरं आहे तुझं. मी त्यांच्या वतीनं शब्द देऊ शकत नाही. तोंड फिरवण्यात ते पटाईत आहेत. पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते आहे, ज्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं त्याच्याशी ते गोड बोलतात.

सिंधुबाई

चांदोरी
१६ जानेवारी

चि. वेदिका,

घाईत लिहिते, पायल गाडीला किक मारून उभी आहे.

आबा म्हणतात, रविवारी मी घरी नाही, फुलं घेऊन नाशिकला जाणार. शेजारच्या टेम्पोत टाका म्हटलं, तर म्हणे भाव बघायला स्वतः जावं लागतं. आजवर रविवारी कधी गेले नाहीत. मला इतका राग आला की भाकरी जळाली आणि तीच त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

तू थांबू नकोस असं लिहायला बसले होते. पण हात वळला नाही. थांबलीस तर माझ्यासाठी थांब. नाही थांबलीस तर हात तेवढा कर, मी चिंचेखाली असेन. तेही नाही जमलं तर नुसती बघ. मी बसमधून हात केला तेव्हा तू बघितलं नव्हतंस, ते अजून मनात आहे.

पोटाला नीट खा.

सिंधुबाई

चांदोरी
२१ जानेवारी

चि. वेदिका,

तू होतीस तिथं, पण तुला माझ्या बाजूनं दिसलं नाही, म्हणून सगळं लिहिते.

रविवारी उजाडताच आबांनी फुलं भरली आणि खरंच निघून गेले. मी मनात म्हटलं, झालं. टेबलवाले आले, पाण्याचे जार लागले, मी गूळ-शेंगदाण्याचं ताट नेऊन ठेवलं. पहिली पळणारी माणसं यायच्या आत बघते तर आबा चालत येताहेत. फुलं चौफुलीवर पायलच्या बापाच्या टेम्पोत टाकली आणि माघारी वळले. धुतलेली टोपी, इस्त्रीचा सदरा. भावाचं काय झालं असं मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, भाव पडलेत.

मग टेबलामागं उभे राहून एकेकाला ग्लास देत होते. कोणी पाणी पिण्याऐवजी डोक्यावर ओतून घेतलं की कौतुकानं माझ्याकडं बघायचे. एका बाप्याला त्यांनी धरूनच ठेवला, दुखतं कुठं कुठं ते विचारायला. तो बिचारा जागच्या जागी पळत उत्तरं देत होता. पण दर वेळी निफाडकडनं कोणी बाईमाणूस दिसलं की यांचा हातातला ग्लास सांडायचा. मी पाहिलंय.

मी फाटकाशी पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा झाकून ठेवला होता. लांबून घरी आलेल्या आपल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मग आत घ्यायचं, हे तू आमच्याकडं पाहिलंयस. मी म्हटलं, थांबली तर मी करीन. आबा काय करतील ते करोत.

तू आलीस. लंगडत नव्हतीस, चांगली पळत होतीस, मागून पायल स्कूटीवर तुझी पिशवी घेऊन. टेबलापाशी थांबली नाहीस. म्हटलं, गेली. मग कळलं, तू रस्ता सोडून सरळ फाटकाकडं येते आहेस. येऊन उभी राहिलीस आणि आबांकडं बघितलंस. मी तांब्या उचलला, तर आबांनी तो माझ्या हातातून घेतला.

बायकांचं काम ते. जन्मात त्यांनी कधी केलेलं नाही. भाकरीचा तुकडा उलट्या बाजूनं ओवाळला, टाकायचा कुठं ते कळेना म्हणून खिशात घातला. आणि पाणी घातलं. आपण बायका पायावर थेंबभर पाणी घालतो. त्यांनी अख्खा तांब्या ओतला, आधी एका बुटावर, मग दुसऱ्या. सावकाश, बूट गच्च भिजेपर्यंत. पायल मागून काहीतरी ओरडणार होती. तू पाठीमागं हात करून तिला गप्प केलंस. मला तेव्हा वाटलं, एवढ्या घडीला पायलनं बोलू नये म्हणून असेल.

मग तू विचारलंस, "आबा, निघू का?"

पळणारे बाजूनं जात होते, टेबलवाले पाणी-पाणी करत होते.

"नीघ," म्हणाले. "आता सांगून चाललीस ना. मग नीघ."

तू वळलीस, तेव्हा मी रडत होते आणि तू हसत होतीस. त्या वळणापर्यंत काय सुरेख पळालीस. आबा रस्त्याच्या मधोमध उभे राहून बघत होते, मागून ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला तरी हलले नाहीत. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. गड्याला सांगत होते, पाणी घातल्यावर बघ कशी ताजीतवानी होऊन पळाली.

संध्याकाळी पायल आली. आबांनीच विचारलं, पोचली का ग? पायल माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, बोल आता, लपवायचं काही उरलेलं नाही. मग तिनं सांगितलं.

पळणाऱ्याचे पाय कोरडे लागतात. ओल्या बुटात पाय भिजतो, कातडी भुसभुशीत होते आणि घासून निघते. हे तुम्हा लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात म्हणे. डोक्यावर हवं तेवढं ओता, पण बुटात पाणी जाऊ द्यायचं नाही. पायल तिथंच मोजे बदलायला सांगणार होती, पण आबा बघत होते म्हणून तू वळणाआड जाईपर्यंत तशीच पळालीस. पुढं मोजे बदलून उपयोग झाला नाही, दुसरे बूट नव्हते. लाखलगावपासून फोड आले, माडसांगवीला ते फुटले. नांदूर नाक्यापासून तू चालत गेलीस. मैदानात पोचलीस तेव्हा शेवटाला उभारलेल्या फुगवलेल्या कमानीची हवा काढून ती गुंडाळायला घेतली होती. बिल्ल्यांची पेटी गाडीत गेली होती. वेळ टळली, म्हणून तुझं पळणं धरलं नाही.

वर्षभराची मेहनत, वेदिका. मला इतकं वाईट वाटलं की मी आबांवर ओरडले. एवढा तांब्या ओततात का कधी, म्हटलं. ते मोटारीकडंही गेले नाहीत. बाजेवर बसून राहिले.

आज सकाळी मी फुलं गुंफत होते तर जवळ येऊन बसले.

"तिला ठाऊक होतं का," म्हणाले, "की पाणी घातल्यावर पायाचं असं होतं?"

मी म्हटलं, होतं.

"मी ओतत होतो तेव्हा ठाऊक होतं?"

होतं, म्हटलं.

"मग पाय मागं का नाय घेतला तिनं?"

या माणसानं गेल्या महिन्याभरात शंभर प्रश्न विचारले असतील, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. उत्तर मला येत होतं. त्यांनाही येत असावं. तरी मी सांगितलं नाही. म्हटलं, माझ्याकडं काय विचारता, जिनं पाय मागं घेतला नाही तिला विचारा.

आता ते कपडे करून बसले आहेत. हळद घातलेलं तूप डबीत भरून घेतलंय, तुझ्या पायाला. मी पत्र कधी लिहून संपवते याची वाट बघताहेत, पायल आज हे नेणार नाही. सातपूरची बस कुठं बदलायची ते तीनदा विचारून झालं. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा ते तुझ्या दारात उभे असतील. तुझ्यासमोर त्यांना तोंड उघडायला जमणार नाही, भावाचं नाहीतर पाण्याचं काहीतरी बोलत बसतील. तू वाट बघू नकोस. पाय मागं का घेतला नाहीस ते आपणहून सांगून टाक.

तुझी
आई